दिवेलागणीचा केर आणि फिलिपिनो क्रियापद

दुबईत आम्ही तिघीजणी एका फ्लॅटमध्ये राहायचो. त्यातली एक फिलिपाईन्सच्या लागुना प्रांतातली, वयाने माझ्याहून मोठी. तिला मी 'आते' म्हणायचे. फिलिपिनोत आते म्हणजे मोठी बहीण, आपण 'ताई' म्हणतो तसं. आपल्या आत्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. एकदा संध्याकाळी सातच्या सुमाराला मी स्वयंपाकघरातला केर काढायला केरसुणी उचलली, तर आतल्या खोलीतून तिचा आवाज आला:

"हुवाग कांग मागवालिस सा गाबी, मावावालिस आंग सुवेर्ते."

रात्री झाडू नकोस, नशीब झाडलं जाईल.

मी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले. रत्नागिरीला आमची आजी हेच सांगायची. दिवेलागणीला केर काढू नये, लक्ष्मी बाहेर जाते; काढलाच तर कोपऱ्यात लोटून ठेवावा, बाहेर टाकू नये. मधे एवढा समुद्र असून दोन घरांत एकच धाक. पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात राहिलं ते वाक्यातलं क्रियापद. 'झाडणे' त्यात दोनदा आलं होतं, एकदा 'मागवालिस' आणि एकदा 'मावावालिस'. धातू एकच, 'वालिस'. पहिल्या वेळी झाडणारी मी आहे. दुसऱ्या वेळी झाडणारं कुणी नाहीच. नशीब आपोआप केराबरोबर निघून चाललंय. हा सगळा फरक धातूच्या पुढे लागलेल्या दोन-तीन अक्षरांनी केला होता.

फिलिपिनो शिकू पाहणारे बहुतेक जण याच ठिकाणी अडतात आणि पुस्तक मिटतात. शब्द भराभर पाठ होतात, क्रियापद काही केल्या हाती लागत नाही. मला ते आतेच्या घरातल्या समजुतींमधून कळलं, म्हणून इथेही त्याच वाटेने सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. फिलिपाईन्समध्ये साडेसात हजारांवर बेटं आणि शंभराहून जास्त भाषा आहेत. ३० डिसेंबर १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन यांनी राष्ट्रभाषेचा पाया म्हणून टागालोग निवडली, १९५९ मध्ये तिला पिलिपिनो हे नाव मिळालं आणि १९८७ च्या राज्यघटनेत ते फिलिपिनो झालं. म्हणून टागालोग आणि फिलिपिनो ही दोन्ही नावं आपल्या कानावर पडतात. मलाय, मादागास्करची मालागासी, हवाईची भाषा, न्यूझीलंडची माओरी हे सगळे तिचे नातलग. आपली मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी दावाओला जातात, तिथे रस्त्यावर सेबुआनो बोलतात. ती वेगळी भाषा, पण क्रियापदाची ठेवण याच घराण्यातली.

उच्चाराबद्दल एक गोष्ट. इथे मी सगळीकडे 'आ' लिहिलं आहे, पण तो आखूड म्हणायचा, जवळजवळ आपल्या 'अ'सारखा. लिहिताना ही भाषा रोमन लिपी वापरते आणि त्यात 'नांग' हा शब्द नुसता 'एन-जी' या दोन अक्षरांत लिहितात. नवा माणूस तिथे हमखास अडखळतो.

आता खराटा हातात घेऊ. 'वालिस' म्हणजे झाडू आणि 'वालिस' म्हणजेच झाडणे. अंगणासाठी 'वालिस-तिंगतिंग' असतो, नारळाच्या हिरांचा. आपल्या कोकणातला खराटा शेजारी ठेवला तर ओळखू येणार नाही. समजा, आई अंगणातली वाळलेली पानं झाडते आहे. 'नानाय' म्हणजे आई, 'तुयोंग दाहोन' म्हणजे सुकी पानं, 'बाकुरान' म्हणजे घराभोवतालचं अंगण, 'लोला' म्हणजे आजी. ही वाक्यं पाहा.

नागवालिस सि नानाय नांग तुयोंग दाहोन. आईने सुकी पानं झाडली. रोख आईवर.

विनालिस नि नानाय आंग तुयोंग दाहोन. ती सुकी पानं आईने झाडली. रोख पानांवर.

विनालिसान नि नानाय आंग बाकुरान. अंगण आईने झाडलं. रोख जागेवर.

इपिनागवालिस नि नानाय सि लोला. आजीसाठी आईने झाडलं. रोख आजीवर.

इपिनांगवालिस नि नानाय आंग वालिस-तिंगतिंग. आईने खराट्याने झाडलं. रोख खराट्यावर.

शेवटची दोन रूपं रोजच्या बोलण्यात कमी येतात, पहिली तीन मात्र दिवसभर कानावर पडतात. फिलिपिनो शाळांत याला 'पोकुस' म्हणतात. मी 'रोख' म्हणते, कारण आपण म्हणतोच ना, 'त्याच्या बोलण्याचा रोख माझ्याकडे होता'. झाडण्याच्या प्रसंगात आई आहे, पानं आहेत, अंगण आहे, आजी आहे, खराटा आहे. यातल्या कुणाकडे बघून बोलायचं हे ठरवल्याशिवाय फिलिपिनोत क्रियापदच तयार होत नाही. आणि क्रियापद बहुधा वाक्यात पहिलं येत असल्यामुळे तोंड उघडायच्या आधीच ते ठरवावं लागतं.

रोख ज्याच्यावर आहे त्याच्या आधी 'आंग' येतो; व्यक्तीचं नाव किंवा नावासारखं वापरलेलं नातं असेल तर 'सि'. प्रसंगातल्या कर्त्याला किंवा कर्माला रोख मिळाला नसेल तर 'नांग', आणि असं नाव किंवा नातं असेल तर 'नि'. ठिकाण, दिशा वगैरे उरलेल्यांना 'सा', नावाला 'काय'. झाल्या तुमच्या विभक्त्या. आपल्या सात-आठ विभक्त्यांसमोर हे तीनच खण, आणि त्यात लिंग नाही, वचनाची फारशी कटकट नाही. 'सिया' म्हणजे तो आणि ती दोन्ही. मराठी शिकणाऱ्या परक्याला 'तो आला, ती आली, ते आलं' यावर जेवढे महिने घालवावे लागतात ते आपले इथे वाचतात. सगळं ओझं क्रियापदाने आपल्या डोक्यावर घेतलं आहे.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना इथे ओळखीचं काहीतरी दिसायला हवं. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण ही सहा कारकं आपण घोकली होती. रामः आम्रं खादति. रामेण आम्रः खाद्यते. दुसऱ्या वाक्यात क्रियापदानेच 'मी कर्माबद्दल बोलतोय' असं सांगितलं, म्हणून आंबा प्रथमेत आला आणि राम तृतीयेत गेला. पाणिनीचं यावर एक छोटंसं सूत्र आहे, 'अनभिहिते'. क्रियापदाने जे कारक सांगितलेलं नाही, तेवढंच विभक्तीने सांगा. ज्याचा निर्देश क्रियापदात झाला, त्याला प्रथमा पुरते. 'आंग' ही फिलिपिनोतली अशीच प्रथमा. फरक एवढाच की संस्कृत क्रियापद कर्ता आणि कर्म या दोनच कारकांकडे वळू शकतं, तर फिलिपिनो क्रियापद जागेकडे, साधनाकडे आणि ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडेही वळतं. अधिकरणाचा प्रयोग, करणाचा प्रयोग, संप्रदानाचा प्रयोग! मला हे दिसलं त्या दिवशी मी आनंदाने आतेला कारकं समजावत बसले होते.

१९१७ साली अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी इलिनॉयला शिकणाऱ्या एका टागालोगभाषक विद्यार्थ्याच्या मदतीने या भाषेचं बारकाईने वर्णन केलं. हेच ब्लूमफील्ड पाणिनीच्या व्याकरणाला मानवी बुद्धीच्या सर्वश्रेष्ठ स्मारकांपैकी एक म्हणत. त्यांच्याही पुष्कळ आधी, १६१० मध्ये, स्पॅनिश मिशनऱ्यांनी टागालोगचं व्याकरण छापलं होतं. आपल्याकडे गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, म्हणजे काळ तोच. मिशनऱ्यांच्या हाताशी लॅटिनचा साचा होता. त्यांनी 'विनालिस'सारख्या रूपांना कर्मणी ठरवलं आणि ती सवय पुढे शेकडो वर्षं टिकली. आजही पुष्कळ पुस्तकं 'विनालिस को'चं भाषांतर 'माझ्याकडून झाडलं गेलं' अशा धर्तीवर करतात. ते कानाला कृत्रिम लागतं, आणि ते तसं आहेच. फिलिपिनो माणसाच्या तोंडी हे रूप आपल्या 'मी झाडलं'इतकंच साधं आहे.

आपल्याला तर हे कळायला अजिबात जड जाऊ नये. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले. खाणारी मीच, पण भूतकाळात मराठी क्रियापद माझ्याकडे ढुंकून बघत नाही, कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. आपल्याकडे ते काळावर ठरतं. फिलिपिनोत ते बोलणाऱ्याच्या मनात काय आहे यावर ठरतं.

मग कुठला रोख कधी घ्यायचा? वस्तू कुठलीही, मोघम असेल तर रोख कर्त्यावर. वस्तू ठराविक, दोघांना माहीत असलेली असेल तर रोख त्या वस्तूवर. 'कुमाइन आको नांग मांग्गा' म्हणजे मी आंबा खाल्ला, कुठला ते महत्त्वाचं नाही. 'किनाइन को आंग मांग्गा' म्हणजे तो आंबा, तो फ्रिजमधला, मी खाल्ला. मराठीत दोन्हीला 'मी आंबा खाल्ला' हेच वाक्य, बाकी सगळं संदर्भावर. त्यांचा काराबाव आंबा आणि आमचा हापूस यावर आमच्या फ्लॅटमध्ये दर मे महिन्यात वाद व्हायचा, त्यामुळे हे वाक्य मला फार लवकर पाठ झालं.

'कोण' किंवा 'काय' असा प्रश्न विचारताना निवडच नसते. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याच्यावर रोख असलाच पाहिजे. 'सिनो आंग कुमाइन नांग मांग्गा?' आंबा कुणी खाल्ला? इथे 'सिनो' म्हणजे कोण, म्हणून कर्त्याचं रूप 'कुमाइन'. 'आनो आंग किनाइन मो?' तू काय खाल्लंस? इथे विचारणा वस्तूची, म्हणून 'किनाइन'. आपण 'खाणारा मुलगा' आणि 'खाल्लेला आंबा' म्हणताना णारा आणि लेला यांची अदलाबदल करत नाही, तसंच हे. आणि एका साध्या वाक्यात रोख एकावरच. नव्या माणसाच्या वाक्यात हमखास दोन 'आंग' येतात, 'कुमाइन आको आंग मांग्गा' असं. ऐकणाऱ्याला कळतं, पण कानाला खटकतं. एकावरून दुसऱ्याकडे रोख गेला की क्रियापदही बदलायला हवं.

'कुमाइन' हे रूप कसं झालं तेही सांगते. धातू 'काइन', आणि 'उम' हा प्रत्यय पहिल्या 'क'च्या पोटात शिरला: क-उम-आइन. 'इन' प्रत्ययही असाच शिरतो: क-इन-आइन, व-इन-आलिस. धातूच्या मधोमध प्रत्यय बसवायची रीत मराठीत नाही, पण संस्कृतच्या सातव्या गणात 'रुध्'चं 'रुणद्धि' होतं, तेव्हा 'न' असाच मधे घुसतो.

रोखाचं एवढं पुरे. आता उरली क्रियेची अवस्था. मराठी व्याकरणात हिला क्रियाव्याप्ती म्हणतात आणि आपण ती काळाबरोबरच शिकतो, म्हणून वेगळी जाणवत नाही. फिलिपिनो क्रियापद काल, आज, उद्या सांगतच नाही. ते दोनच गोष्टी विचारतं: क्रिया सुरू झाली का? आणि ती अजून पुरी व्हायची आहे का?

सुरू झाली याची खूण म्हणजे 'न'. 'मागवालिस'मधला 'म' जाऊन 'नागवालिस' होतो तो याच 'न'मुळे; 'विनालिस'च्या पोटातला 'इन' हीसुद्धा तीच खूण. पुरी झालेली नाही याची खूण म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दोनदा म्हणणं: वा-वालिस. आता जुळवून पाहा. 'न' आहे आणि अक्षर एकदाच आलंय, म्हणजे सुरू झाली आणि संपलीही: नागवालिस, झाडलं. 'न' आहे आणि अक्षरही दोनदा, म्हणजे सुरू झाली पण संपलेली नाही: नागवावालिस, झाडतेय. 'न' नाही पण अक्षर दोनदा, म्हणजे सुरूच व्हायची आहे: मागवावालिस, झाडणार. आणि दोन्ही खुणा नसल्या की उरतं नुसतं 'मागवालिस', झाडणे. आज्ञा, मनाई, इच्छा यांना हे कोरं रूप चालतं. माझ्या आतेने 'हुवाग कांग मागवालिस' म्हटलं, तेव्हा मी झाडायला सुरुवात केलेली नव्हती.

इतकी स्वच्छ रचना मी दुसऱ्या कुठल्या भाषेत पाहिलेली नाही. दोन खुणा, चार रूपं. वस्तूवर रोख असला तरी हिशेब हाच: विनालिस, विनावालिस, वावालिसिन. जागेवर असला तरी हाच: विनालिसान, विनावालिसान, वावालिसान. 'उम'वाल्या धातूंत थोडी खोच आहे. 'कुमाइन' हे कोरं रूपही आहे आणि 'खाल्लं'ही आहे. तिथे पुढे 'कुमाकाइन' म्हणजे खातेय आणि 'काकाइन' म्हणजे खाणार.

अक्षर दोनदा म्हणून क्रिया लांबवायची कल्पना आपल्याला परकी नाही. चालता चालता, रडत रडत, बोलता बोलता हे आपण रोज म्हणतो. आणि काळाचं बंधन नसल्यामुळे 'नागवावालिस आको' हे एकच वाक्य आत्ता झाडतेय यालाही चालतं, रोज झाडते यालाही, आणि 'ती आली तेव्हा मी झाडत होते' यालाही. कधीचं ते बाकीचे शब्द सांगतात. आपणही दारात पाऊल टाकायच्या आधी 'आले, आले!' म्हणतोच, तेव्हा आपल्याही बोलण्यात काळापेक्षा क्रिया पुरी झाल्याची खात्री मोठी असते.

या अवस्थांसोबत दोन चिमुकले शब्द सतत फिरतात. 'ना' म्हणजे आता झालं, 'पा' म्हणजे अजून. 'नागवालिस ना आको', माझं झाडून झालं. 'नागवावालिस पा आको', मी अजून झाडतेय. भेटल्याबरोबर फिलिपिनो माणूस विचारतो, 'कुमाइन का ना बा?' जेवलीस का? मोठ्यांना 'कुमाइन ना पो बा कायो?' जेवलात का? 'पो' हा आदराचा शब्द आणि 'कायो' म्हणजे तुम्ही. जेवायला बसलेलं कुणी तुम्हाला पाहिलं की लगेच म्हणणार, 'काइन तायो!' आपण जेवूया. इथे 'तायो' म्हणजे आपण, 'कामि' म्हणजे आम्ही. ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून असा हा भेद आपल्याकडे जसाच्या तसा आहे, तो शिकायला आपल्याला एक मिनिटही लागत नाही. 'काइन तायो'मध्ये 'कामि' म्हटलं तर समोरच्याला पंगतीतून उठवल्यासारखं होईल.

आता त्या संध्याकाळच्या 'मावावालिस'कडे येते, कारण समजुतींची खरी किल्ली तिथे आहे. 'मा' हा प्रत्यय लागला की क्रिया कुणी ठरवून केलेली नसते, होऊन जाते. सुरू झाल्यावर त्याचा 'ना' होतो. 'बिनासाग को आंग बासो', मी ग्लास फोडला. 'नाबासाग को आंग बासो', माझ्या हातून ग्लास फुटला. मराठीत फोडणे आणि फुटणे यांत जे अंतर आहे आणि 'हातून' या शब्दात जी कळकळ आहे, ती सगळी या 'ना'मध्ये आहे. हाच प्रत्यय जमण्यासाठीही वापरतात: 'नाबुकसान को आंग गारापोन', मला बरणी उघडता आली. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, पण आपलं 'मला चालवत नाही', 'मला राहवलं नाही' आठवा. जमणं आणि आपोआप होणं यांना आपणही एकाच तऱ्हेने बोलतो. दोन्हीत इच्छेचा ताबा पुरता नसतो.

लहान बाळाला 'उसोग' होतो अशी तिथे समजूत आहे. परका माणूस घरी येतो, बाळाचं कौतुक करतो आणि तो गेल्यावर बाळ किरकिर करतं, पोट दुखतं, ताप येतो. थोडक्यात, दृष्ट लागते. काही भागांत यालाच 'बाति' म्हणतात, आणि 'बाति' म्हणजे एरवी अभिवादन, चौकशी. आता दोन रूपं शेजारी ठेवा. 'बिनाति निया आंग बाता', त्याने बाळाची विचारपूस केली. 'नाबाति निया आंग बाता', त्याच्या विचारपुशीने बाळाला दृष्ट लागली. रोख दोन्हीकडे बाळावर आहे. बदलला तो फक्त हेतू. पाहुण्याने मुद्दाम काही केलं नाही हे क्रियापदच सांगून टाकतं, त्याला दोषी न ठरवता. आपण 'दृष्ट लागली' म्हणतो तेव्हाही 'लावली' म्हणायचं टाळतोच.

यावर उतारा म्हणून त्या पाहुण्यालाच बोलावतात आणि 'लावायान मो आंग बाता' म्हणतात. 'लावाय' म्हणजे लाळ, आणि शेवटचा 'आन' तोच अंगण झाडतानाचा जागेचा प्रत्यय. बाळाच्या कपाळाला किंवा पोटाला बोटाने जराशी थुंकी लाव. बाळ इथे क्रियेचं ठिकाण झालं आहे. कौतुक करतानाच 'पुवेरा उसोग' म्हणून टाकलं की पुढचा त्रास टळतो असंही मानतात, आपण काजळाची तीट लावतो तसं.

मुंग्यांच्या वारुळात किंवा मातीच्या ढिगात 'नुनो सा पुन्सो' हा म्हातारा राहतो अशीही समजूत आहे. अशा जागेजवळून, जुन्या बालेते झाडाखालून जाताना लोक हलकेच म्हणतात, 'ताबि-ताबि पो, माकिकिराआन पो.' बाजूला व्हा हं, जरा जाऊ द्या. आपल्याकडे वारुळापाशी आणि वडा-पिंपळापाशी माणसं आवाज खाली आणतात, तोच भाव. इथलं 'माकि' फार गोड आहे. दुसऱ्याच्या गोष्टीत थोडा वाटा मागायचा, विनंती करून सामील व्हायचं, एवढ्यासाठी फिलिपिनोने एक वेगळा प्रत्यय ठेवला आहे. 'दाआन' म्हणजे वाट. 'माकिराआन' म्हणजे तुमच्या वाटेतून जायची परवानगी घेणं. 'कि' दोनदा झाला की 'माकिकिराआन', आता जाणार आहे. दोन माणसं बोलत उभी असतील तर त्यांच्या मधून जाणारा किंचित वाकून, हात पुढे करून हेच म्हणतो. दिसणाऱ्यांना आणि न दिसणाऱ्यांना एकच क्रियापद.

जेवताना काटा खाली पडला तर पुरुष पाहुणा येणार, चमचा पडला तर बाई. 'नाहुलोग आंग तिनिदोर, माय दारातिंग ना लालाकि.' काटा पडला, कुणीतरी पुरुष येणार. या एका वाक्यात 'नाहुलोग' म्हणजे आपोआप झालेली, संपलेली क्रिया आणि 'दारातिंग' म्हणजे अजून सुरू न झालेली. पाहुण्याची वर्दी द्यायला आपल्याकडे कावळा ओरडतो, तिथे काटा पडतो. अंत्यविधीहून परतताना थेट घरी जात नाहीत, मधे कुठेतरी थांबून मग जातात, मृतात्मा मागोमाग येऊ नये म्हणून. याला 'पागपाग' म्हणतात, म्हणजे अंगावरची धूळ झटकणं. 'नागपागपाग मुना कामि', आम्ही आधी झटकून आलो. झटकतोय म्हणायचं तर 'नागपापागपाग'. धातूतच 'पाग' दोनदा असल्यामुळे घाबरायला होतं, पण नियम तोच: पहिलं अक्षर आणखी एकदा.

असं वाक्यावाक्याने शिकावं असं माझं मत आहे. तक्त्यात 'विनालिसान' पाठ करून विसरायला होतं. अंगण डोळ्यांसमोर असलं की विसरत नाही. एकेका समजुतीत प्रत्यय कुठला, का, एवढंच पाहायचं. करणारा कोण, भोगणारा कोण, मुद्दाम केलं की झालं, सुरू आहे की उरकलं, याच तर गोष्टी अशा समजुतींत महत्त्वाच्या असतात.

क्रियापदाला फिलिपिनोत 'पान्दिवा' म्हणतात. त्यातला 'दिवा' आपल्या समईतला नव्हे. तो संस्कृत 'जीव' आहे, मलायमधून 'जिवा' होऊन तिथे पोचलेला. गुरूला 'गुरो', मुखाला 'मुखा', देवतेला 'दिवाता', आशेला 'आसा' हेही असेच गेले. माझ्या आतेच्या लागुना प्रांतात १९८९ मध्ये नदीतून वाळू काढताना एक ताम्रपट सापडला. त्यावर तारीख कोरली आहे ती शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इ. स. ९००. मी तिला आमचं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, त्यात आजही शके छापतात आणि वद्य चतुर्थीला लाल अक्षरांत संकष्टी असते. ती बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसली होती.

आजी गेली त्या वर्षी मला वेळेवर घरी पोचता आलं नाही. दहाव्या दिवशी रत्नागिरीला सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होते आणि मी दुबईच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होते. संध्याकाळी खिडकीच्या पडद्यावर एक मोठा काळसर पतंग येऊन बसला. मी त्याला हाकलायला फडकं उचललं, तर आतेने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली:

"दिनादालाव का नांग लोला मो."

'दालाव' म्हणजे भेटीला येणं. 'का' म्हणजे तू, आणि रोख तुझ्यावर. 'दिना' मधला 'इन' सांगतो की भेट सुरू झाली आहे. 'दा' दोनदा आला आहे, म्हणजे ती अजून संपलेली नाही. तुझी आजी तुला भेटायला आलीय, अजून इथेच आहे. मी फडकं खाली ठेवलं आणि दोघी पडद्यासमोर बसून राहिलो.